हाड सांधले, पण झोप उडाली

शिर्डीकडे येणाऱ्या रस्त्यांवर बारा महिने वर्दळ असते आणि त्यामुळे अपघातही होतात. १३ जानेवारी २०२३ रोजी सकाळी सिन्नर-शिर्डी महामार्गावर पाथरे गावाजवळ साईभक्तांच्या बसची ट्रकशी टक्कर होऊन दहा जण दगावले. मृतांचा आकडा वर्तमानपत्रात येतो. वाचलेल्यांचे दुखणे मात्र प्लॅस्टर काढल्यावरही चालू राहू शकते.

अपघातानंतर दीड-दोन महिन्यांनी असे रुग्ण दवाखान्यात येतात. "डॉक्टर, एक्स-रे चांगला आला, पण छातीत धडधडतं, मान आखडते, झोप लागत नाही. ट्रकचा हॉर्न ऐकला की घाम फुटतो." रक्त तपासले, कार्डिओग्राम काढला, सारे ठीक. मग घरचे म्हणतात, "काही झालेलं नाही, नुसते मनाचे खेळ!"

वाचकहो, हे खेळ नव्हेत. संकट आले की शरीरात अ‍ॅड्रिनॅलिन वाढते, नाडी जलद होते, स्नायू ताठतात. संकट टळल्यावर हे सारे शांत व्हायला हवे. काही जणांत ते होत नाही. ताठलेले स्नायू दुखतात, दुखले की अपघात आठवतो आणि आठवला की स्नायू पुन्हा ताठतात. मधुमेह असल्यास साखरही वाढू शकते. जखमेवरही परिणाम होतो. घरातील स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची सतत शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांच्या हातावरची लहानशी जखम इतर स्त्रियांपेक्षा सरासरी नऊ दिवस उशिरा भरली, असे अमेरिकेत ओहायो येथील संशोधकांना १९९५ साली आढळले.

म्हणून उपचार दोन्हीकडून हवेत.

* आधी शरीराची नीट तपासणी करून घ्यावी. डोक्याला मार लागलेला असून डोकेदुखी वाढत असेल, उलट्या किंवा गुंगी असेल, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे.
* सांगितलेले व्यायाम व झेपेल तितके चालणे सोडू नये. जेवणाच्या व झोपेच्या वेळा पाळाव्यात.
* रुग्णाला बोलावेसे वाटले तर शांतपणे ऐकावे. खोदून विचारू नये आणि "विसरून जा" असेही म्हणू नये.
* झोपेसाठी दारू किंवा मनाने आणलेल्या गोळ्या घेऊ नयेत.
* रस्त्याची भीती हळूहळू घालवावी. आधी घरच्या माणसाबरोबर स्टँडपर्यंत जावे, मग जवळचा प्रवास करावा.

महिना उलटूनही तीच स्वप्ने, दचकणे, चिडचिड किंवा प्रवास टाळणे चालूच असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. समुपदेशनाने व गरज पडल्यास औषधांनी यात चांगला गुण येतो. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर महिनाभर थांबूच नये. शासनाच्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत सल्ला मिळतो.

प्लॅस्टर काढायला जाल तेव्हा डॉक्टरांनी झोपेबद्दल विचारले नाही, तरी तुम्ही आपण होऊन जरूर सांगा.