काटा खाली आला, तेव्हाच घाबरायचं

सुरतेच्या दक्षिणेला लागून असलेलं उधना आता शहराचाच भाग झालं आहे. इथून रेल्वेचा एक फाटा नंदुरबार-जळगावकडे जातो. त्यामुळे इथल्या मागांवर आणि डाईंग मिलमध्ये खानदेशातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या येत राहिली. बाजारात गुजराती, कारखान्यात हिंदी, घरात मराठी नाहीतर अहिराणी. घरात मराठी आणि दारात कन्नड बोलणाऱ्या आपल्या वाचकांना यात नवल वाटायचं कारण नाही. माझी थोरली बहीण, आमची अक्का, लग्न होऊन इथंच आली. शेजारणींना कळू नये असं काही असलं की ती आजही माझ्याशी कन्नडात बोलते.

गेल्या उन्हाळ्यात तिनं फोनवर सांगितलं, "इंजिन भाळ बिसी आगेद." गाडी होती भावोजींची जुनी मर्सिडीज, ई-२२०, १९९६ सालची. जर्मनीत हे मॉडेल बंद होत आलं होतं, त्याच सुमारास १९९५ पासून पुण्याकडे टेल्कोच्या सोबतीनं ते आपल्याकडे जुळवलं जाऊ लागलं. भावोजींनी ती २००३ मध्ये जुनीच घेतली. ते जाऊन आता तीन वर्षं झाली.

झालं असं, भाचा नवसारीहून परत येत होता. वाटेत काटा तांबड्या रेघेकडं चढला. थांबून पाहावं असं त्याच्या मनात आलं, तेवढ्यात काटा आपोआप खाली आला. त्याला हायसं वाटलं आणि तो तसाच उधन्यापर्यंत आला. घात झाला तो इथं. काट्याला खबर देणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं तापमान सांगतो. पाणी निघून गेलं की त्याच्याभोवती नुसती वाफ आणि हवा राहते आणि काटा खोटं बोलू लागतो. गाडी तापलेली असताना काटा अचानक उतरला तर ती सुटका समजू नये. बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करावं आणि ते निवेपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडू नये. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेलं असतं, झाकण सैल झालं की ते उसळून अंगावर येतं.

मी उधन्याला पोचलो तेव्हा गाडी एका छोट्या गॅरेजमध्ये होती. मेस्त्री मूळचे धुळ्याकडचे. ऑइलची पट्टी काढून त्यांनी दाखवली. त्यावर दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचा चिकट लगदा होता. याचा अर्थ हेड गॅस्केट गेलं आणि पाणी ऑइलमध्ये मिसळलं.

आता हे का होतं? या इंजिनचा ब्लॉक बिडाचा आणि वरचं हेड अल्युमिनियमचं. अर्ध्या मीटर लांबीचं अल्युमिनियम शंभर अंशांनी तापलं तर एक मिलिमीटरहून थोडं जास्त वाढतं, बीड त्याच्या निम्मंच. रोजच्या तापण्यात हा फरक सांभाळला जाईल अशीच सगळी रचना असते. पण हद्दीबाहेर तापलं की बोल्टांनी जखडलेलं हेड सरकू शकत नाही आणि वाकतं. मेस्त्रींनी हेडवर सरळ पोलादी पट्टी ठेवली आणि खालून पातळ पात्यांचं गेज सरकवलं. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याची फटसुद्धा जास्तच, इथं मधोमध तीन दशांश भरली.

बरेच जण इथं हेड घासून सपाट करतात आणि बसवतात. मेस्त्रींनी आधी कॅमशाफ्ट हातानं फिरवून पाहिला, तो अडकत होता. हेड खालून वाकलं तर वरच्या कॅमशाफ्टच्या बैठकीही वाकतात, खालचं तोंड घासून त्या सरळ होत नाहीत. म्हणून आधी गरम करून हेड सरळ करायचं आणि मगच घासायचं, तेही कमीत कमी. शिवाय फार तापलेलं अल्युमिनियम मऊ पडतं, म्हणून कडकपणाही तपासावा लागतो. या कामाला ते टर्नरकडे गेले. मी बेळगावचा म्हटल्यावर टर्नरनं उद्यमबागेतल्या ओतकामाची चौकशी केली. किर्लोस्करांचा उद्योग १८८८ साली आपल्या बेळगावातच सायकलच्या दुकानापासून सुरू झाला, हे मी त्याला थोड्या तोऱ्यातच सांगितलं.

ब्लॉकमध्ये एका सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे होते. ऑइलचा थर जळाल्यावर पिस्टन तिथं घासला होता. एकासाठी चारही बोअर करायचे आणि मोठ्या मापाचे पिस्टन आणायचे. रिंगा नव्या, बेअरिंगं नवी, हेडचे बोल्टही नवे, कारण ते कसताना ताणले जातात. सगळा हिशेब दीड लाखाच्या पुढे गेला.

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. बाजारात गाडीला येईल त्याहून हा खर्च जास्त होता, शिवाय पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. विकून टाक, असं मी स्पष्टच म्हटलं. भाच्याचंही तेच मत. अक्का बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दीड वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिसला यातूनच नेलं त्यांना. मागच्या सीटवर पाय लांब करून निजता यायचं. दुसऱ्या कुठल्या गाडीत त्यांना बसवत नव्हतं." यावर मला बोलायला काही नव्हतं. पैसे तिनं स्वतःच्या ठेवीतून काढले.

मेस्त्रींनी मात्र इंजिन जोडण्याआधी एक गोष्ट पक्की केली. गाडी मुळात तापली का? रेडिएटर उलटा करून धुतला तर आत क्षारांचा थर. वर्षानुवर्षं नळाचंच पाणी ओतलेलं. थर्मोस्टॅट कुणीतरी काढूनच टाकला होता. आपल्याकडं हवा गरम, तो हवा कशाला, असा समज गावोगावी आहे. पण तो ८७ अंशांच्या आसपास उघडतो आणि इंजिनला नेमकं तापमान देतो. आणि सर्वांत मोठा दोष पंख्याचा. त्याचा कपलिंग निकामी झाल्यानं गर्दीत गाडी हळू चालली की वाराच मिळत नव्हता. ही तीन कामं न करता नवं इंजिन बसवलं असतं तर पुढच्या वैशाखात पुन्हा तेच. इंजिनच्या मानानं या सामानाचा खर्च किरकोळ होता.

भाद्रपदात इंजिन सुरू झालं. नव्या रिंगा भिंतीला बसायला वेळ लागतो, म्हणून पहिले हजार किलोमीटर जोर द्यायचा नाही, एकाच वेगानं लांब पळवायची नाही आणि मग ऑइल बदलायचं. दिवाळीनंतर देवदर्शनाला गाडी निपाणीला न्यायची असं अक्काच्या मनात आहे. मेस्त्रींनी मीटरवरचा आकडा वहीत लिहून घेतलाय. हजार भरेपर्यंत तापी ओलांडायची नाही, असं त्यांनी भाच्याला बजावलंय. निपाणीच्या वाटेवर तापी लागत नाही, हे भाच्यानं त्यांना अजून सांगितलेलं नाही.