नव्या कपाटाचा वास



गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटाच्या शिवणाच्या खोलीत नवं कपाट आलं. दिसायला देखणं, पण दुपारी खिडक्या लावून मशीनवर बसलं की डोळे चुरचुरायचे, घसा खवखवायचा. ‘नव्या फर्निचरला वास यायचाच,’ म्हणून आम्ही सोडून दिलं. दम्याचा त्रास असलेल्या एका ताईंनी येणंच बंद केलं, तेव्हा मी चौकशीला लागले.

असं कपाट अखंड लाकडाचं नसतं. लाकडाचा भुसा किंवा पातळ पापुद्रे डिंक लावून दाबले की पार्टिकल बोर्ड, एमडीएफ, प्लायवूड तयार होतं. स्वस्त डिंक बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा. त्यातून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू हळूहळू सुटतो. उकाडा आणि दमटपणा वाढला की जास्तच. 2004 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हा वायू माणसाला कर्करोग करणारा ठरवला.

अमेरिकेत 2005 च्या कतरिना वादळानंतर बेघर कुटुंबांना सरकारने ट्रेलरची घरं दिली. तिथे लोकांचे डोळे जळू लागले, श्वासाचे त्रास सुरू झाले. पुढे सरकारनेच अशा 519 घरांची हवा तपासली, तेव्हा हा वायू नेहमीच्या घरांपेक्षा बराच जास्त निघाला. 2010 मध्ये तिथे कायदा झाला. बोर्ड बंद पेटीत ठेवून हवा मोजतात. दहा लाख भाग हवेत प्लायवूडसाठी 0.05, पार्टिकल बोर्डसाठी 0.09 आणि एमडीएफसाठी 0.11 भागांपेक्षा जास्त वायू चालत नाही. मालावर तसं लेबलही लागतं.

आपल्याकडे दुकानात बोर्डावर ‘ई-1’ किंवा ‘ई-0’ अशी खूण मिळते. ई-0 मध्ये वायू ई-1 पेक्षा कमी. अगदी शून्य मात्र नव्हे. म्हणून सुताराला रंग विचाराल, तशी ही खूणही विचारा आणि बिलावर लिहून घ्या. उघड्या कडा पट्टी लावून बंद करून घ्या, कारण वायू तिथूनच जास्त सुटतो. नवं फर्निचर काही आठवडे दारं उघडी ठेवून हवेशीर जागी ठेवा. बाळाच्या खोलीत लगेच नको.

आम्ही कपाट ओसरीत काढलं, कडा बंद करून घेतल्या. ताई आता परत येतात, पण खिडकी उघडूनच मशीनवर बसतात. आम्हीही तेच शिकलो.