घराची शोभा

घर हे मनुष्याचे निवाऱ्याचे स्थान तर खरेच; परंतु तेवढेच त्याचे प्रयोजन नव्हे. दिवसभराच्या श्रमांनंतर जेथे मनाला विसावा मिळतो, ते घर. हा विसावा मौल्यवान वस्तू आणून ठेवल्याने लाभत नाही. तो योजनेने व नेटकेपणाने साधावा लागतो. घर सजविणे म्हणजे घरात वस्तूंची भर घालणे, असा अनेकांचा समज असतो. सातारा व सांगली या जिल्ह्यांतील जुनी घरे पाहिली असता हा समज किती अपुरा आहे, हे ध्यानी येते.

गृहसजावटीचे पहिले तत्त्व प्रकाश आणि हवा हे होय. वाईजवळ मेणवली येथे कृष्णाकाठी नाना फडणवीसांचा अठराव्या शतकातील वाडा आजही उभा आहे. बाहेरून तो भक्कम भिंतींनी वेढलेला दिसतो. आत मात्र चौकामागून चौक लागतात. चौकावर मोकळे आकाश असते आणि त्यातून भोवतालच्या सोप्यांना उजेड व वारा मिळतो. तेथील भिंतींवर चित्रे आहेत. पण ज्या घरात उजेडच नाही, तेथे चित्रे असून काय उपयोग? आजच्या लहान घरात चौक नसतो. म्हणूनच खिडकीसमोर कपाट उभे करून असलेला प्रकाश अडवू नये. अंधाऱ्या खोलीस फिकट रंग द्यावा; कारण गडद रंग प्रकाश शोषून घेतो, तर फिकट रंग तो परत फेकतो व खोली उजळते.

दुसरे तत्त्व उपयुक्ततेचे. जुन्या घरांच्या जाड भिंतींत कोनाडे व फडताळे असत. दिवा, पोथी, भांडी यांना त्यांत हक्काची जागा मिळे आणि जमीन वावरण्यास मोकळी राही. उपयुक्ततेचा हा विचार प्रदेशाप्रमाणे बदलतो. सह्याद्रीलगतच्या पावसाळी भागात उतरती कौलारू छपरे दिसतात. जत, आटपाडीच्या कोरड्या मुलखात सपाट माळवदाची घरे आढळतात. सांगली शहरात २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी कृष्णेच्या पुराचे पाणी अनेक घरांत शिरले. अशा ठिकाणी महत्त्वाची कागदपत्रे व पुस्तके उंच फळीवर ठेवणे, तसेच चटकन उचलता येईल असे सामान वापरणे, हाही सजावटीचाच भाग मानला पाहिजे. भिंतीत जखडलेले लाकडी भुश्याच्या फळ्यांचे कपाट दिसण्यात कितीही सुबक असले, तरी पाण्याने फुगून ते निकामी होते.

तिसरे तत्त्व प्रमाण व समतोल यांचे. लहान खोलीत अवजड पलंग ठेवला, तर माणसाला अंग चोरून वावरावे लागते. सर्व जड वस्तू एकाच बाजूस असल्या, तर खोली कललेली भासते.

चौथे तत्त्व संयम. सातारा जिल्ह्यातील औंध येथे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली श्री भवानी संग्रहालय उभारले. राजा रविवर्म्याच्या चित्रांसह असंख्य कलावस्तू तेथे आहेत. त्या सर्वांसाठी त्यांनी निराळी वास्तू बांधली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. संग्रहालयात मनुष्य पाहण्यासाठी जातो. घरात तो राहतो. म्हणून घराच्या एका भिंतीवर एकच चांगले चित्र असले, तरी पुरे. दहा चित्रांच्या दाटीत डोळा कोठेच ठरत नाही.

या चारही तत्त्वांस द्रव्यापेक्षा विचार अधिक लागतो. सारवलेले अंगण, उंबऱ्यापुढील रांगोळी आणि घासून मांडलेली पितळी भांडी यांनी साध्या घरासही प्रसन्नता येते. जेथे वृद्धांना न अडखळता वावरता येते, मुलांना अभ्यासासाठी उजेडाची जागा मिळते आणि आलेल्या पाहुण्यास संकोच वाटत नाही, तेच घर खऱ्या अर्थाने शोभिवंत होय.