शिसे आणि बालक : जोखीम-मूल्यांकनाच्या परिभाषेचा विचार

औद्योगिक रसायनांपासून मुलांच्या आरोग्यास होणारा अपाय हा वैद्यकाचा व रसायनशास्त्राचा विषय आहे. भाषाशास्त्राच्या अध्यापकाने त्यात का शिरावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. याची कारणे दोन आहेत. पहिले असे की, या क्षेत्रातील निर्णय शेवटी ‘सुरक्षित’, ‘सामान्य’, ‘सह्य’ अशा शब्दांत मांडले जातात आणि या शब्दांची अर्थकक्षा थोडी सरकली तरी कोणते मूल बाधित मानावयाचे व कोणते निरोगी, हे बदलते. दुसरे असे की, शिशाच्या बाबतीत वरवर निरोगी दिसणाऱ्या मुलांमधील अपाय ज्या संशोधनाने उजेडात आणला, त्यातील महत्त्वाचा पुरावा भाषिक चाचण्यांचा होता. प्रस्तुत लेखात शिशाचे उदाहरण घेऊन जोखीम-मूल्यांकनाची रीत आणि तिची परिभाषा यांचा विचार करावयाचा आहे.

१

जोखीम-मूल्यांकनाची आज रूढ असलेली मांडणी अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९८३ मध्ये केली. तीत चार पायऱ्या आहेत. पदार्थ कोणता अपाय करू शकतो हे ठरविणे, ही पहिली; किती मात्रेने किती परिणाम होतो हे पाहणे, ही दुसरी; प्रत्यक्षात कोणाचा त्या पदार्थाशी किती संपर्क येतो हे मोजणे, ही तिसरी; आणि या तिन्हींवरून जोखमीचे स्वरूप व प्रमाण सांगणे, ही चौथी.

इंग्रजीतील ‘हॅझर्ड’ व ‘रिस्क’ हा भेद या मांडणीच्या मुळाशी आहे. मराठीत दोहोंसाठी ‘धोका’ हा एकच शब्द सर्रास वापरला जातो व त्यामुळे पहिली पायरी आणि चौथी पायरी यांची गल्लत होते. कुलूपबंद कपाटात ठेवलेल्या तेजाबाच्या बाटलीची अपायकारकता तसूभरही कमी होत नाही. जोखीम मात्र कमी होते. म्हणून ‘हॅझर्ड’साठी ‘अपायकारकता’ आणि ‘रिस्क’साठी ‘जोखीम’ असे दोन शब्द कटाक्षाने वेगळे ठेवावेत, असे मला वाटते. ‘जोखीम’ या शब्दाला व्यवहारात आणखी एक अर्थ आहे. दुसऱ्याच्या हवाली केलेली मौल्यवान वस्तू, दागिने किंवा रोकड, यांसही आपण जोखीमच म्हणतो. मुलांच्या संदर्भात हा दुसरा अर्थ अप्रस्तुत नाही.

२

मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ मनुष्य नव्हे, हे सूत्र तिसऱ्या पायरीवर विशेष लागू पडते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्याविषयीच्या हिशेबासाठी जी गृहीतके वापरली, ती पाहावीत. ६० किलो वजनाचा प्रौढ दिवसास २ लिटर पाणी पितो. १० किलो वजनाचे मूल १ लिटर पिते. ५ किलो वजनाचे तान्हे मूल पाऊण लिटर घेते. म्हणजे दर किलो वजनामागे प्रौढाच्या वाट्यास सुमारे ३३ मिलिलिटर, मुलाच्या वाट्यास १०० आणि तान्ह्याच्या वाट्यास १५० मिलिलिटर पाणी येते. पाणी एकच असले तरी मात्रा तिपटीने व साडेचारपटीने वाढली. यात आणखी भर अशी की, पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढाच्या शरीरात साधारणतः दहावा भाग शोषला जातो, तर लहान मुलाच्या शरीरात जवळजवळ निम्मा. तेव्हा त्याच नळाच्या पाण्यातून १० किलो वजनाच्या मुलाच्या रक्तात, वजनाच्या मानाने, प्रौढाच्या सुमारे पंधरा पट शिसे उतरू शकते.

वागणुकीचा भाग वेगळाच. मूल जमिनीवर रांगते, हाती लागेल ते तोंडात घालते. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील डॉक्टर लॉकहार्ट गिब्सन यांनी तेथील मुलांच्या शिसे-विषबाधेचे मूळ घरांच्या व व्हरांड्याच्या कठड्यांवरील रंगात आहे, असे १९०४ मध्येच दाखवून दिले होते. रंगाची पूड मुलांच्या बोटांना लागे व बोटे तोंडात जात. कठडा मोठ्यांच्याही हाताखाली होता. विषबाधा मात्र मुलांस झाली.

३

दुसऱ्या पायरीवरील वाद अधिक मूलगामी आहे. एका विशिष्ट मात्रेच्या खाली अपाय होतच नाही, म्हणजे अपायास एक उंबरठा असतो, या गृहीतकावर विषशास्त्राची बरीच इमारत उभी आहे. १९५४ मध्ये लेहमन व फिट्झह्यू यांनी मांडलेला शंभराचा सुरक्षा-भाजक याच गृहीतकावर आधारलेला होता. प्राण्यांवरील प्रयोगात निरुपद्रवी ठरलेल्या मात्रेला शंभराने भागावे व येणारी मात्रा मनुष्यास निर्धोक मानावी, असा तो हिशेब. पुढे १९९६ मध्ये अमेरिकेने कीटकनाशकांविषयीच्या कायद्यात मुलांसाठी आणखी दहाच्या भाजकाची तरतूद केली. परंतु उंबरठाच नसेल तर भाजक कितीही मोठा घेतला तरी ‘निर्धोक’ हा शब्द सार्थ होत नाही.

१९२३ पासून अमेरिकेत पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळून विकले जाऊ लागले. या उद्योगाचे वैद्यकीय सल्लागार रॉबर्ट किहो यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : शिसे सर्वांच्याच शरीरात आढळते, म्हणून ते सामान्य आहे, विशिष्ट पातळीखाली अपायाचा पुरावा नाही, सबब ते निर्धोक आहे. भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९६५ मध्ये या युक्तिवादाच्या मर्मावरच बोट ठेवले. जे सर्वत्र आढळते ते ‘सामान्य’ असेल, पण म्हणून ते ‘नैसर्गिक’ ठरत नाही. सर्वांच्याच शरीरात उद्योगांचे शिसे शिरले असेल तर सर्वांची सरासरी ही आरोग्याची खूण नसून प्रदूषणाची खूण आहे.

किहो यांच्या विधानातील दुसरा दोष नकाराच्या स्थानाचा आहे. ‘अपायाचा पुरावा नाही’ आणि ‘अपाय नाही याचा पुरावा आहे’ ही दोन वाक्ये भिन्न आहेत. पहिल्यात नकार पुराव्याला लागतो, दुसऱ्यात अपायाला. पहिले वाक्य संशोधन न करताही खरे ठरू शकते. दुसऱ्यासाठी संशोधन करावेच लागते. वाक्यविचाराच्या वर्गात नकाराची कक्षा शिकविताना आपण किरकोळ उदाहरणे घेतो. येथे त्याच भेदावर कित्येक दशकांचे धोरण अवलंबून होते.

४

असे संशोधन हर्बर्ट नीडलमन यांनी केले व ते १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. रक्तातील शिसे काही आठवड्यांत ओसरते, दातात मात्र ते साठून राहते. म्हणून त्यांनी बोस्टनजवळील चेल्सी व सॉमरव्हिल या गावांतील पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात जमविले. यांपैकी कोणतेही मूल शिसे-विषबाधेसाठी उपचार घेत नव्हते. दातांतील शिशाच्या प्रमाणावरून अधिक शिशाच्या ५८ व कमी शिशाच्या १०० मुलांची तुलना करता बुद्ध्यंकात सुमारे ४ गुणांचा फरक दिसला.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. हा फरक शाब्दिक उपचाचण्यांत, ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत म्हणण्यासारख्या श्रवण व वाक्-प्रक्रियेच्या चाचण्यांत आणि अवधानाच्या चाचणीत उमटला होता. शिवाय वर्गशिक्षकांकडून मागविलेल्या अभिप्रायांत दातांतील शिसे जसजसे अधिक, तसतशी लक्ष विचलित होणे व सांगितलेल्या सूचना न पाळता येणे, या तक्रारी अधिक आढळल्या. ज्या मुलाला आपण ‘मठ्ठ’ किंवा ‘उनाड’ म्हणून मोकळे होतो, त्याच्या दातांत वेगळेच उत्तर असू शकते.

चार गुणांचा फरक क्षुल्लक आहे, असा आक्षेप वारंवार घेतला गेला. एका मुलाविषयी तो कदाचित खरा असेल. समाजाविषयी तो खरा नाही. सरासरी बुद्ध्यंक १०० व प्रमाण विचलन १५ मानले तर एक लाख मुलांत ७० च्या खाली सुमारे २,३०० मुले येतात. सरासरी केवळ ५ गुणांनी खाली सरकली तर ही संख्या सुमारे ४,८०० होते, म्हणजे दुपटीहून अधिक. उलट १३० च्या वरची मुले २,३०० वरून १,००० च्याही खाली येतात. चौथ्या पायरीवर जोखीम सांगताना ती व्यक्तीची सांगावयाची की समुदायाची, हे म्हणूनच स्पष्ट केले पाहिजे.

५

या संशोधनाबरोबर मुलांच्या रक्तातील शिशाची हरकतपात्र पातळी अमेरिकेत कशी उतरत गेली, हे पाहण्यासारखे आहे. दर डेसिलिटर रक्तात ६० मायक्रोग्रॅम ही १९६० च्या दशकातील पातळी १९७० च्या सुमारास ४०, १९७५ मध्ये ३० व १९८५ मध्ये २५ झाली. १९९१ मध्ये ती १० वर आली. आकडे बदलले तरी ‘या आकड्याखाली चिंता नको’ हा ध्वनी कायम होता. २००५ मध्ये लॅनफियर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सात ठिकाणच्या १,३३३ मुलांची माहिती एकत्र केली. १० पासून २० पर्यंतच्या वाढीने बुद्ध्यंक सुमारे २ गुणांनी घटतो, परंतु २.४ पासून १० पर्यंतच्या वाढीने तो सुमारे ४ गुणांनी घटतो, असे दिसून आले. पहिल्या थोड्या मायक्रोग्रॅमांतच अधिक हानी होत होती.

यानंतर आकड्याबरोबर शब्दही बदलावा लागला. २०१२ मध्ये ‘चिंतेची पातळी’ ही संज्ञा काढून टाकण्यात आली व तिच्या जागी ‘संदर्भ-मूल्य’ आले : प्रथम ५, आणि २०२१ पासून ३.५. हे मूल्य आरोग्याची सीमा सांगत नाही. सर्वाधिक शिसे असलेली सुमारे अडीच टक्के मुले ओळखण्यापुरतीच ती संख्याशास्त्रीय खूण आहे. तत्पूर्वी २०१० मध्ये अन्नातील पदार्थांचा विचार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ-समितीने शिशासाठी ठरविलेले आठवड्याचे ‘सह्य सेवन’ मागे घेतले व नवे ठरविता येत नाही, असे सांगितले. एक विशेषण मागे घेतले गेले, इतकाच त्याचा अर्थ नव्हे. ज्याला सह्य म्हणता येईल अशी मात्रा दाखविता येत नाही, अशी ती कबुली होती.

६

भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० मध्ये बंद झाली. घरगुती व सजावटीच्या रंगांत दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक शिसे नसावे, असा नियम २०१६ मध्ये करण्यात आला. तरीही जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळविण्याची कामे वस्तीलगत चालतात आणि जुन्या रंगांचे पापुद्रे भिंतींवर आहेतच. जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण ५ किंवा त्याहून अधिक आहे, असा अंदाज युनिसेफच्या २०२० च्या अहवालात दिला आहे.

येथे मराठी परिभाषेचे काम सुरू होते. शिसपेन्सिलीच्या नावात शिसे आहे, परंतु तिच्या आत असते ते ग्रॅफाइट. उलट शेंदूर हे परंपरेने शिशाचे संयुग आहे. त्याच्या नावात मात्र शिशाची खूणही नाही. रूढ नावांवरून अपायकारकता कळत नाही, म्हणून सूचनापत्रकात वस्तूचे नाव आणि तिच्यातील घटक ही दोन्ही सांगितली पाहिजेत. ‘विहित मर्यादेत आहे’ या वाक्याचे भाषांतर ‘सुरक्षित आहे’ असे करू नये. ‘सामान्य’ हा शब्द ‘सर्वत्र आढळणारे’ या अर्थी आला आहे की ‘निरोगी’ या अर्थी, हे प्रत्येक ठिकाणी तपासावे.

बालभाषेवर क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्यांस एक सुचवावेसे वाटते. वाक्य-पुनरुच्चाराची चाचणी आपण नेहमीच घेतो. एखाद्या वस्तीतील मुले तीत मागे पडत असतील तर तेथील बोली, घरची गरिबी, शाळेची अवस्था ही कारणे आपण नोंदवितो, व ती नोंदविलीच पाहिजेत. त्यांच्या जोडीने वस्तीजवळ कोणता कारखाना किंवा भट्टी आहे, घरांना कोणता रंग आहे, आईवडील कोणत्या कामावर जातात, हीही माहिती टिपून ठेवावी. ही तीन प्रश्नांची भर आहे. तिने निदान होणार नाही, कारण ते रक्त तपासूनच होते. परंतु ज्या मुलाचे रक्त तपासावयास हवे, त्याच्याकडे वैद्याचे लक्ष वेधण्याचे काम आपल्या टाचणवहीने अवश्य होऊ शकेल.