संगणकांचं बारसं

जून महिना. मैंदर्गीच्या शिवारात पहिला पाऊस पडून गेलाय. तुरीचं बियाणं घरात आलंय. आता पेरायचं की थांबायचं? पेरलं आणि पावसाने दडी मारली, तर उगवलेलं करपून जातं. मग दुबार पेरणी! म्हणजे बियाण्याचा खर्च पुन्हा करायचा.

बालदोस्तांनो, मैंदर्गी हे सोलापूर जिल्ह्यातल्या अक्कलकोट तालुक्यातलं, कर्नाटकच्या सीमेजवळचं गाव. तिथल्या पावसाचा अंदाज बांधायला पुण्यात असंख्य संगणक एकत्र राबतात, ठाऊक आहे का तुम्हाला?

ते कसं? सगळ्या पृथ्वीवरची हवा चौकोनांत वाटायची आणि एकेका संगणकाला काही चौकोन द्यायचे. प्रत्येकाने आपल्या चौकोनातला वारा, उष्णता, बाष्प यांचं गणित करायचं. पण वारा काही चौकोनाची कड पाहून थांबत नाही! म्हणून दर टप्प्याला शेजाऱ्याला निरोप द्यावा लागतो, 'माझ्याकडून एवढं बाष्प तुझ्याकडे येतंय.' एक जरी संगणक रेंगाळला, तरी बाकीचे खोळंबतात.

आता निरोप द्यायचा तर नाव हवंच ना? वर्गात दोन मल्लिनाथ असले आणि बाईंनी नुसतं 'मल्लिनाथ' म्हटलं, तर दोघेही उठतात. संगणकांच्या ताफ्यात असं झालं, तर निरोप भलतीकडेच जायचा.

अमेरिकेतल्या डॉन लाइब्स यांनी 1990 मध्ये संगणकाला नाव कसं द्यावं, यावर एक टिपणच लिहिलं होतं. स्वतःचं नाव देऊ नका, कारण बोलणं माणसाबद्दल चाललंय की यंत्राबद्दल ते कळत नाही. कामावरूनही देऊ नका, उद्या काम बदलेल. एखाद्या गटातली नावं घ्या. झकास सल्ला! पण समजा ग्रहांची नावं घेतली, तर ग्रह किती? तेव्हा प्लूटो धरून नऊ. हजार संगणकांना कुठून पुरणार?

म्हणून मोठ्या ताफ्यात नाव म्हणजे चक्क पत्ता असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 2018 मध्ये 'प्रत्यूष' हा महासंगणक सुरू झाला. तो क्रे कंपनीचा, एक्ससी 40 जातीचा. या जातीत एखाद्याचं नाव असतं 'सी3-0सी1एस5एन2'. मंत्र वाटतो की नाही? फोड करून बघा. रांग 0 मधलं कपाट 3, त्यातली चौकट 1, तिच्यातला खण 5 आणि खणातला संगणक 2. मोजणी शून्यापासून, बरं का! रात्री दोन वाजता तो बिघडला, तरी दुरुस्त करणारा थेट त्याच खणापाशी जातो. चुकून शेजारचा चालू संगणक बंद केला, तर तासन्‌तासांचं गणित वाया जायचं.

ताफा उभारताना बाकीची शिस्तही पाळावी लागते. सगळ्यांची घड्याळं जुळलेली हवीत आणि सगळ्यांवर सारखीच प्रणाली हवी. एक मुख्य संगणक मॉनिटरसारखा हजेरी घेतो. गैरहजर असेल त्याला पुढचं काम देत नाही. आणि खोली सतत थंड ठेवावी लागते, कारण इतकी यंत्रं जवळजवळ बसली की खूप तापतात.

मात्र अख्ख्या ताफ्याचं नाव ठेवताना हौस करायला मोकळीक! 1991 मध्ये पुण्याच्या 'सी-डॅक'ने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली अनेक छोटे प्रोसेसर जोडून महासंगणक बनवला, त्याचं नाव 'परम'. हवामानवाल्यांनी मात्र सूर्याचं घराणं धरलं. 'आदित्य', 'भास्कर', मग पहाटेचा 'प्रत्यूष' आणि नोएडाचा 'मिहिर'. सप्टेंबर 2024 मध्ये पुण्यात 'अर्क' आला, नोएडात 'अरुणिका'. पावसाचं गणित करणाऱ्यांना सूर्याची नावं, ही मला मोठी गंमत वाटते!

'अर्क'ची ताकद 11.77 पेटाफ्लॉप. एक पेटा म्हणजे 1 वर 15 शून्यं, आणि एवढी गणितं एका सेकंदात! त्याच्या जोरावर मे 2025 मध्ये नवी अंदाज-पद्धत सुरू झाली. पूर्वीचा चौकोन 12 किलोमीटर बाजूचा होता, आता 6 चा. वहीत आखून पाहा, जुन्या एका चौकोनात नवे चार बसतात. मैंदर्गीबरोबर शेजारची कितीतरी शिवारं एकाच खणात कोंबली जायची, आता ती निरनिराळी मोजता येतात. अंदाज तरीही चुकू शकतो, पण पेरणीआधी आकाशाकडे बघणाऱ्याच्या हाती थोडी जास्त माहिती येते.

तुमच्या शाळेत संगणकांची खोली आहे? मग सर-बाईंना विचारून प्रत्येक संगणकाला रांग आणि जागेवरून नाव द्या. चिठ्ठ्या मात्र वायरच्या दोन्ही टोकांना चिकटवा हं!