बारा क्रेडिटांचा हिशेब

रसायनशास्त्रात डॉक्टरेट म्हणजे प्रयोगशाळेत शिरून परीक्षानळ्या हलवायच्या, अशी आपल्या घरांतून सर्वसाधारण समजूत असते. प्रवेश मिळाला की पेढे वाटून आपण मोकळे होतो. परंतु संशोधकालाही आधी पुन्हा बाकावर बसावे लागते, हे थोड्यांनाच ठाऊक असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांनी पीएच.डी.ला अभ्यासक्रम सक्तीचा केला. २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान १२ क्रेडिटांचे विषय पुरे करावे लागतात. त्यांत ‘संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता’ हा विषय कोणालाही चुकत नाही. किमान ५५ टक्के गुण नसतील, तर पुढची वाट बंद! उरलेले विषय मात्र विचार करून निवडायचे असतात, आणि खरी गोम तिथेच आहे.

यंदा गणपतीला केळशीस गेलो, तेव्हा माझी भाची विषयांची यादी पुढ्यात घेऊन ओटीवर बसली होती. एम.एस्सी.ला तिचे सेंद्रिय रसायन; यादीतही सेंद्रिय रसायनाचेच दोन पेपर. संशोधनाचा विषय मात्र किनाऱ्यावरील विहिरींच्या पाण्यात धातूंचे सूक्ष्म अंश किती, हा!

“मामा, यांत गुण हमखास पडतील. शिष्यवृत्तीचा प्रश्न आहे,” ती म्हणाली.

“आणि धातू मोजायला कोण शिकवणार?”

“ते काय, यंत्रावर बसलं की येईल.”

आतून आजीचा आवाज आला, “मीठ किती पडलं ते पानं वाढल्यावर कळून काय उपयोग गो?”

मी मराठीचा माणूस. रसायनातले मला काय कळणार? पण आमच्या गावच्या वाळूच्या टेकडीची मी तिला आठवण दिली. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ अशोक मराठे यांनी त्या टेकडीचा अभ्यास करून सोळाव्या शतकाच्या आरंभीच्या प्रचंड समुद्रलाटेशी तिचा संबंध जोडला. असला प्रश्न एकट्या इतिहासाने सुटत नाही. वाळूचे थर वाचावे लागतात, नाणी ओळखावी लागतात. जुन्या कोळशाचे वय काढायचे तर रसायनाकडेच जावे लागते. त्या कार्बन-१४ पद्धतीसाठी विलर्ड लिबी यांना १९६० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शिवाय प्रयोगशाळा वय सांगते ते ‘अधिक-उणे’ इतकी वर्षे असे! त्या अधिक-उण्याचा अर्थ लावायला संख्याशास्त्र हवे. प्रश्न ज्या दाराशी नेईल, ते दार ठोठावावे लागते; आपल्या ओळखीचे दार कोणते, हे तो विचारीत नाही.

मग आम्ही एक कोरा कागद घेतला. डावीकडे तिच्या प्रबंधातले प्रश्न, मध्ये त्यांसाठी करावयाची मोजमापे आणि उजवीकडे त्याकरिता लागणारे ज्ञान. उजव्या रकान्यात विश्लेषणात्मक रसायन दोनदा आले, संख्याशास्त्र तीनदा. सेंद्रिय रसायन एकदाही नाही! ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली.

असा कागद घेऊन मार्गदर्शकाकडे जावे. संशोधन सल्लागार समितीची शिफारस असेल, तर आयोगाने मान्य केलेला ऑनलाइन अभ्यासक्रमही क्रेडिटांत धरता येतो. गावात राहणाऱ्या मुलामुलींना ही मोठीच सोय आहे. आठवड्याचे ४ ते ६ तास शिकवण्याचे कामही अंगावर पडू शकते, तेव्हा एकाच सत्रात सगळे विषय कोंबू नयेत. पण रेंगाळणेही परवडत नाही. पीएच.डी.ची किमान ३ व साधारणतः कमाल ६ वर्षे मोजतात, ती या अभ्यासक्रमासकट.

भाचीने सेंद्रियचे दोन्ही पेपर खोडून विश्लेषणात्मक रसायन आणि संख्याशास्त्र लिहिले. गुण कदाचित चार कमी पडतील. त्याची धास्ती तिला आहेच. परंतु उद्या तिच्या आकड्यावरून एखाद्या घरी विहिरीचे पाणी प्यावे की नाही, हे ठरेल. तो आकडा खात्रीचा हवा. आपल्या घरात कोणी या वाटेने निघाले असेल, तर “सोपा विषय कोणता?” असे विचारू नका. “तुझा प्रश्न काय?” एवढेच विचारा.