सरासरी तीच, चित्र वेगळं

सरासरी कळली की सगळं कळलं, असं आपण सहज धरून चालतो. १९७३ साली संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अ‍ॅन्सकम यांनी प्रत्येकी ११ बिंदूंचे चार संच मांडले. चारही संचांची सरासरी, विचलन, सहसंबंध जवळजवळ सारखे. पण आलेख काढला की एकात बिंदू तिरक्या रेषेभोवती विखुरलेले, दुसऱ्यात कमान, तिसऱ्यात सरळ रेषा आणि एक बिंदू भलतीकडे, चौथ्यात उभी रांग आणि दूर एकटा बिंदू. २०१७ मध्ये दोन संशोधकांनी संगणकाकडून बिंदू थोडे थोडे सरकवून घेतले आणि हे आकडे जवळपास तेच ठेवून डायनासोरच्या चित्राचा तारा केला, वर्तुळही केलं.

यात तत्त्वज्ञान कुठे आलं? सारांश काढायचा म्हणजे काय गाळायचं ते ठरवणं. गावाचं सरासरी उत्पन्न कुणी सांगितलं, तर आपण एवढंच म्हणावं: आधी आलेख दाखवा. बाजूला पडलेली घरं त्यातच दिसतील.